पिकअपचं ब्रेक पेडल नरम का लागतं?

पिकअप चालवणारा माणूस गॅरेजमध्ये येऊन बहुधा एवढंच सांगतो, "ब्रेक लूज लागतोय." मेकॅनिकचं उत्तरही ठरलेलं असतं, "एअर आली असेल, काढून देतो." चारही चाकांची एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपांत शिरलेली हवा, काढली जाते. पेडल काही दिवस बरं लागतं आणि मग पुन्हा खाली जायला लागतं. पुढच्या खेपेला मास्टर सिलिंडरची किट (आतल्या रबरांचा संच), त्याच्या पुढच्या खेपेला अख्खा मास्टर, आणि तरीही जमलं नाही तर बूस्टर. मधल्या काळात गाडी उभी नसते. टोमॅटोचे क्रेट भरून ती माळशेज किंवा कसारा घाट उतरतच असते. पैशापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

पेडल नरम लागण्याची कारणं अनेक आहेत, पण प्रत्येकाची पायाला कळणारी तऱ्हा वेगळी आहे. ती तऱ्हा ओळखली की कुठलं चाक उघडायचं, कुठला पार्ट तपासायचा हे पाना हातात घेण्याआधीच बरंचसं ठरतं. गाडीचा मालक किंवा ड्रायव्हर स्वतः दुरुस्ती करणार नसला, तरी निदान तो स्वतः करू शकतो. मेकॅनिकला "लूज लागतोय" एवढंच सांगण्याऐवजी नेमकं काय होतंय ते सांगितलं, तर त्याचंही काम सोपं होतं.

पायापासून चाकापर्यंत

आपल्याकडे भाजी, दूध, सिमेंट, फर्निचर वाहणाऱ्या बहुतेक पिकअपमध्ये पुढे डिस्क ब्रेक असतात आणि मागे ड्रम. पेडल दाबलं की बूस्टर इंजिनच्या व्हॅक्यूमची मदत घेऊन तुमच्या पायाचा जोर वाढवतो आणि मास्टर सिलिंडरचा पिस्टन पुढे ढकलतो. पिस्टनपुढचं ब्रेक ऑइल पाइपांमधून चारही चाकांकडे दाबलं जातं. पुढे ते कॅलिपरमधला पिस्टन ढकलतं आणि पॅड डिस्कला धरतात. मागे व्हील सिलिंडरचे दोन छोटे पिस्टन ब्रेक शू बाहेर रेटतात आणि शूवरचे लायनर ड्रमला घासतात.

हे सगळं चालतं ते एका गुणावर: द्रव दाबून लहान होत नाही. त्यामुळे मास्टरमध्ये जेवढं ऑइल सरकतं, तेवढंच चाकांपाशी पोहोचतं. हवेचं तसं नाही. दाब पडला की ती आकसते, आणि ती आकसेपर्यंत तुमचा पाय खाली जात राहतो.

थोडी हवा किती नुकसान करते याचा हिशोब करून पाहू. समजा मास्टर सिलिंडरचा व्यास २५ मिलिमीटर आहे. म्हणजे पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५ चौरस सेंटिमीटर. पाइपात ५ घन सेंटिमीटर हवा अडकली, म्हणजे चहाचा एक चमचा भरेल इतकीच, तर ती आकसवण्यात पिस्टनची जवळपास १ सेंटिमीटर हालचाल वाया जाते. पेडल ही तरफ आहे. पाय जिथे ठेवतो तिथली हालचाल पिस्टनच्या साधारण पाचपट असते. म्हणजे चमचाभर हवेपायी पेडल ५ सेंटिमीटर जास्त खाली जातं. पेडलची एकूण चाल वीतभरही नसते, त्यातले ५ सेंटिमीटर असे गेले तर आणीबाणीला उरतं किती?

आणखी एक रचना लक्षात ठेवा. मास्टर सिलिंडरमध्ये एकामागोमाग दोन पिस्टन असतात आणि ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग केलेले असतात. पिकअपमध्ये सहसा पुढची दोन चाकं एका भागात, मागची दोन दुसऱ्या. एक पाइप फुटला तरी दुसरा भाग चालू राहतो. पण त्या वेळी पेडल एकदम अर्ध्याच्या खाली जातं आणि तिथे कुठेतरी धरतं. अशी गाडी "थांबतेय ना" म्हणून दोन-दोन आठवडे चालवली जाते. ती अर्ध्या ब्रेकवर चाललेली असते, आणि पुढचा भाग गेला असेल तर अर्ध्याहूनही कमी ब्रेकवर, कारण जोरात ब्रेक मारताना गाडीचं वजन पुढे येतं आणि थांबवण्याचं मोठं काम पुढची चाकंच करतात.

पायाने करायची तपासणी

सपाट जागी गाडी उभी करा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करा. आता पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबून सोडा, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपेल. यानंतर पायाला जे लागेल ते थेट ऑइलचं आणि चाकांचं असेल. बूस्टरची भर मध्ये येणार नाही.

पेडल एकदा दाबा आणि किती खाली जातं ते पाहा. मग लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबा. पहिल्या वेळी खूप खाली गेलं, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वर येऊन कडक झालं, तर बहुधा चाकांपाशी फट जास्त आहे. शू आणि ड्रममध्ये, किंवा पॅड आणि डिस्कमध्ये. पहिल्या दाबाचं ऑइल ती फट भरण्यातच संपतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला पेडल थोडं वर येतं, पण कडक न होता दबतं आणि पाय हलकेच वर ढकलतं, ज्याला गॅरेजमध्ये "स्पंज लागतंय" म्हणतात, तर हवा आहे. किंवा रबरी होज जुने होऊन दाबाखाली फुग्यासारखे फुगत आहेत.

आता पेडलवर मध्यम जोर देऊन पाय तसाच मिनिटभर धरून ठेवा. पेडल पायाखालून हळूहळू, न थांबता खाली सरकत राहिलं, तर ऑइल कुठून तरी निसटतंय. एकतर बाहेर गळतंय, नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतल्या रबरी कपांच्या कडेने मागे जातंय. मोठ्या ट्रॅफिकमध्ये सिग्नलला उभं असताना पाय खाली जातोय असं वाटलं की ते हेच.

शेवटी पाय पेडलवर ठेवूनच इंजिन सुरू करा. पेडल जरासं खाली जायला हवं. ही बूस्टर चालू असल्याची खूण आहे, बिघाड नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण गाडी सुरू केल्यावर पेडल "बसतं" म्हणून चांगले बूस्टर बदललेले आहेत. बूस्टर किंवा डिझेल इंजिनवरचा व्हॅक्यूम पंप बिघडला तर पेडल नरम होत नाही, दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबवायला दोन्ही पायांचा जोर लागतो. नरम पेडलसाठी कोणी बूस्टर बदलायला सांगितला तर आधी थांबा आणि कारण विचारा.

एक तऱ्हा मात्र उभ्या गाडीत सापडत नाही. सकाळी पेडल उत्तम, घाट अर्धा उतरल्यावर अचानक तळाला, आणि तासाभराने पुन्हा उत्तम. ती सगळ्यांत धोक्याची आहे. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो.

ऑइल संपत नाही

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबी पाहा. झाकण काढण्याआधी आजूबाजूची धूळ पुसा, कारण आत गेलेला मातीचा कण मास्टरच्या कपावर चरा पाडू शकतो.

इंजिन ऑइल थोडं जळतं, डिझेल संपतं, पण ब्रेक ऑइल खर्च होत नाही. पातळी खाली गेली असेल तर दोनच शक्यता. पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतात, त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढतं, आणि पातळी महिनोन्महिने अगदी सावकाश उतरते. हे नैसर्गिक आहे. ती काही दिवसांतच उतरत असेल तर गळती आहे, आणि वरून ऑइल ओतत राहणं म्हणजे गळती झाकणं. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकला आणि ऑइलच्या पातळीला एकच असतो. हँडब्रेक सोडूनही तो वळणावर किंवा चढावर लुकलुकत असेल, तर डबीतलं ऑइल कमी झालंय आणि हेलकाव्याने तळ उघडा पडतोय.

गळती शोधायला गाडीखाली जावं लागतं. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या मागच्या प्लेटवर आणि टायरच्या आतल्या भिंतीवर ओल दिसते का पाहा. तिथे गोंधळ होतो तो ॲक्सलच्या ऑइल सीलमुळे, कारण तो फुटला तरी तीच जागा ओली होते. फरक हाताला आणि नाकाला कळतो. गिअर ऑइल जाड, चिकट आणि गंधकासारख्या उग्र वासाचं असतं. ब्रेक ऑइल पातळ असतं आणि बोटाला निसरडं लागतं. दोन्हींपैकी काहीही लायनरवर गेलं असेल तर ते लायनर पुसून पुन्हा वापरू नका. शोषलेलं तेल गरम झाल्यावर पुन्हा वर येतं आणि गाडी एका बाजूला ओढते. नवे घाला, आणि दोन्ही चाकांना घाला.

कुठेच ओल दिसत नाही, तरी पातळी उतरते? मग मास्टर सिलिंडर आणि बूस्टर जिथे जोडलेत तिथे खालून बोट फिरवा. मास्टरचा मागचा सील गेला की ऑइल थेट बूस्टरच्या पोटात जातं आणि जमिनीवर एक थेंबही पडत नाही. तिथला रंग फुगून सोललेला असेल तर ती पक्की खूण समजा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. याच कारणासाठी ते बॉडीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पहिला दाब खोल, दुसरा बरा

आपल्या रस्त्यांवरच्या पिकअपमध्ये ही तक्रार सर्वांत जास्त दिसते, आणि तिचं कारण बहुतेक वेळा मागच्या ड्रममध्ये असतं. लायनर झिजतात तसा शू आणि ड्रममधला फरक वाढतो. तो कमी करण्यासाठी आत ॲडजस्टर असतो, काही गाड्यांत आपोआप चालणारा. पण चिखल, लायनरची भुकटी आणि गंज यांनी तो जाम होतो. ऊसतोडीच्या शेतरस्त्यांवरून किंवा कोकणातल्या लाल चिखलातून फिरणाऱ्या गाडीत हे हमखास. शू आत राहतात आणि पेडलची निम्मी चाल त्यांना ड्रमपर्यंत नेण्यातच जाते.

हँडब्रेकचा दांडा पूर्वीपेक्षा जास्त वर येत असेल तर संशय बळावतो, कारण तोही याच शूंवर चालतो. इथे केबल ताणून हँडब्रेक "ठीक" करण्याचा मोह होतो. तसं करू नका. आधी ड्रम उतरवा, भुकटी ओल्या फडक्याने पुसा (फुंकर मारू नका, ती फुप्फुसात जाते), ॲडजस्टर मोकळा करा, त्याला उष्णतेत टिकणारं ग्रीस अगदी थोडं लावा. ड्रमच्या आतली कड पाहा. तिथे खाच पडून उंचवटा आला असेल, किंवा ड्रमवर ओतलेल्या कमाल व्यासाच्या आकड्यापुढे झीज गेली असेल, तर ड्रम बदलण्याला पर्याय नाही. सगळं बसवून चाक हाताने फिरवताना लायनर जेमतेम घासल्याचा आवाज येईल इतकं ॲडजस्ट करा. मग पेडल दोन-तीनदा दाबून शू मध्यावर येऊ द्या आणि पुन्हा तपासा. हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी.

ड्रम ठीक असूनही पहिला दाब खोल जातो, विशेषतः खडबडीत रस्ता संपल्यावर, तर पुढच्या चाकांची बेअरिंग हलवून पाहा. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवलं आणि खेळ जाणवला, तर डिस्क धक्क्यांनी डुगडुगते आणि पॅडना मागे ढकलते. पुढच्या ब्रेकला ती फट आधी भरावी लागते. यात एअर कितीही काढली तरी फरक पडत नाही.

पाय हळूहळू खाली जातो

बाहेर गळती नाही, बूस्टरपाशी ओल नाही, पातळीही स्थिर आहे, आणि तरी धरलेलं पेडल खाली सरकतं. मग ऑइल मास्टरच्या आतच कपांच्या कडेने परत फिरतंय. किट घालायची की अख्खा मास्टर बदलायचा? सिलिंडरच्या आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तरच किटला अर्थ आहे. बोटाला चरे किंवा गंजाचे खड्डे लागले तर नवे कपही काही दिवसांत कापले जातील. माल वाहणाऱ्या गाडीला मी नवा मास्टरच बसवायला सांगेन. पैशातला फरक घाट उतरणाऱ्या गाडीच्या मानाने फार मोठा नाही.

खात्री करायची असेल तर होज दाबून पाहण्याची पद्धत आहे. बहुतेक पिकअपमध्ये तीन रबरी होज असतात, पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या ॲक्सलला एक. गुळगुळीत जबड्यांच्या खास क्लॅम्पने तिन्ही बंद केले आणि पेडल उंच व कडक झालं, तर मास्टर चांगला आहे. मग एकेक क्लॅम्प सोडा. ज्याला सोडल्यावर पेडल खाली जाईल, बिघाड त्या फांदीवर. तिन्ही बंद असतानाही पेडल बसत असेल तर दोष मास्टरचा. यासाठी साधी पकड वापरू नका, होज आतून चिरतो. आणि ज्या होजवर आधीच भेगा दिसतात त्याला क्लॅम्प लावत बसू नका, सरळ बदला.

नवा मास्टर बसवताना दोन गोष्टी राहून जातात. तो गाडीवर चढवण्याआधी व्हाइसमध्ये धरून, त्यात ऑइल भरून, पिस्टन हळू दाबत आतली हवा काढून टाकावी लागते. नाहीतर तीच हवा पुढे चाकांकडे जाते. दुसरं म्हणजे बूस्टरची दांडी आणि मास्टरचा पिस्टन यांच्यातली फट. ती जास्त असेल तर सगळं नवं असूनही पेडलची सुरुवातीची चाल रिकामी जाते. अजिबात नसेल तर ऑइल डबीत परत जायची वाट बंद राहते आणि ब्रेक आपोआप धरून तापतात. हे माप गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असतं, त्याप्रमाणेच ठेवा.

घाटात पेडल गेलं

माल धरून ३ टन वजनाची पिकअप लोणावळ्याहून बोर घाटाने खोपोलीला उतरते तेव्हा ती सुमारे ५५० मीटर खाली येते. त्या उंचीत साठलेली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. हिशोब केला तर ती साधारण ५० लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणण्याइतकी आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन अडवून धरतं. न्यूट्रलमध्ये उतरली तर जवळपास सगळी उष्णता ब्रेकमध्ये जाते. पॅड तापतात, कॅलिपर तापतो आणि शेवटी त्याच्यातलं ऑइल.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डबीच्या झाकणातून, होजच्या रबरातून तो वर्षानुवर्षं आत जात राहतो. आपल्या पावसाळ्यात आणि किनारपट्टीवर तर आणखी. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा मानक आहे. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी शिरलं की ही हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात कॅलिपरमधलं जुनं ऑइल उकळतं, त्याची वाफ होते, वाफ हवेसारखीच आकसते, आणि पेडल तळाला जातं. खाली येऊन गाडी थंड झाली की वाफेचं पुन्हा द्रव होतं. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत पेडल उत्तम लागतं आणि मेकॅनिकला काहीच सापडत नाही. म्हणून ड्रायव्हरने नेमकं कधी काय झालं ते सांगणं इथे फार महत्त्वाचं.

पेडल कडक असूनही गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, हा वेगळा प्रकार. त्यात ऑइल ठीक असतं, लायनर आणि पॅड अति तापून पकड सोडतात. उपाय दोन्हींवर गिअरचाच, पण दुरुस्ती वेगळी.

इथे पिकअपमधली एक खास गोष्ट सांगायला हवी, कारण ती क्वचितच कोणी तपासतं. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलच्या वर चेसीला एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो आणि दांडीने किंवा स्प्रिंगने तो ॲक्सलला जोडलेला असतो. गाडी रिकामी असताना चेसी उंच असते, तेव्हा हा व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. माल भरला की चेसी खाली बसते, दांडी सरकते आणि मागे पूर्ण दाब जातो. आता जास्त माल भरता यावा म्हणून पाटे (चेसीखालच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग) वाढवले की काय होतं पाहा. गाडी भरूनही चेसी पुरेशी बसत नाही. व्हॉल्व्हच्या हिशोबी गाडी रिकामीच राहते, मागचे ब्रेक अर्धवट लागतात, आणि दोन टनांचा भार थांबवायचं काम पुढच्या दोन कॅलिपरवर पडतं. ते घाटात तापतात आणि ऑइल उकळतं. पाटे वाढवले असतील तर व्हॉल्व्हची जोडणी नव्याने बसवून घ्या. दांडी तुटली म्हणून तारेने बांधलेली असेल, तर ती आजच बदला.

आणि डिझेल वाचवायला घाटात इंजिन बंद करून उतरणं पूर्णपणे सोडा. दोन-चार वेळा पेडल दाबल्यावर बूस्टरचा व्हॅक्यूम संपतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि इंजिनाची अडवणूकही मिळत नाही.

उतारावर पेडल तळाला गेलंच तर भराभर पंपिंग करा, थोडा दाब मिळू शकतो. एकेक गिअर खाली घ्या, हँडब्रेक बटण दाबून धरत टप्प्याटप्प्याने ओढा, आणि काहीच जमलं नाही तर गाडी दरीकडे न नेता डोंगराच्या बाजूला, गटाराला घासत थांबवा.

एअर काढण्याची रीत

एअर आत आली तर ती कुठून आली हे आधी शोधा. पाइप उघडला होता, सिलिंडर बदलला होता, डबी रिकामी झाली होती, असं काही घडलं नसेल तर हवा एखाद्या झिरपणाऱ्या सांध्यातूनच आली आहे, आणि तो सांधा बंद होईपर्यंत ती पुन्हा येणार.

काम दोन माणसांचं. एक पेडलवर, एक चाकाशी. इंजिन बंद. डबी भरलेली, आणि दर आठ-दहा दाबांनंतर पुन्हा भरायची. ती रिकामी होऊन हवा ओढली गेली तर सगळं पहिल्यापासून. चाकापाशी हवा सोडायचा निपल गंजलेला असतो, म्हणून आदल्या दिवशीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि बरोबर मापाचा रिंग पानाच लावा. निपलवर पारदर्शक नळी चढवून तिचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा.

चाकाशी बसलेला सांगतो, "दाब." पेडलवरचा सावकाश दाबतो, धरतो आणि म्हणतो, "धरलं." मग निपल पाव फेरा उघडायचा. ऑइल आणि बुडबुडे येतात, पेडल खाली जातं. पेडल तळाला पोहोचण्याआधीच निपल बंद, आणि त्यानंतरच "सोड." ही शिस्त मोडली की बाहेर गेलेली हवा नळीतून परत आत येते. पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात पिस्टन जिथे कधी पोहोचत नाही तिथे जुन्या मास्टरमध्ये गंज साठलेला असतो, आणि पेडल तळापर्यंत दाबलं की कप त्या गंजावर घासून फाटतात. "एअर काढायला गेलो आणि मास्टरही गेला" ही तक्रार बहुधा अशीच जन्मते.

सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करायची असा नेम आहे. आपल्याकडे स्टिअरिंग आणि मास्टर उजवीकडे, त्यामुळे सहसा मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. कंपनीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. भाराच्या व्हॉल्व्हला स्वतःचा निपल असेल तर तोही विसरू नका. आणि मागची बाजू चेसीला जॅक लावून उचलू नका. ॲक्सल लटकला की व्हॉल्व्ह दाब रोखतो आणि मागची हवा नीट निघत नाही. स्टँड ॲक्सलखाली द्या, किंवा गाडी चाकांवरच ठेवून काम करा.

जोरजोरात पंपिंग केल्याने हवेचा बारीक फेस होतो आणि तो ऑइलमध्येच तरंगत राहतो. तसं झालं तर अर्धा तास थांबा. मदतनीस नसेल तर निपल उघडून ऑइल आपल्या वजनाने थेंब-थेंब येऊ द्यायचं, फक्त डबी भरत राहायची. वेळ लागतो, पण चांगलं काम होतं.

सगळं करूनही पेडल स्पंजच लागत असेल तर पुढचे कॅलिपर पाहा. दुरुस्तीत डावा-उजवा अदलाबदल होऊन निपल खालच्या बाजूला आला असेल, तर हवा वर अडकून बसते आणि कितीही ऑइल घालवलं तरी निघत नाही. निपल नेहमी सर्वांत वर हवा. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हवा त्याच्या युनिटमध्ये अडकू शकते. ती काढायला स्कॅनर लावून आतला पंप चालवावा लागतो.

बाटलीत जमलेलं ऑइल परत डबीत ओतू नका. नवी, सील असलेली बाटली घ्या, डबीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचीच. महिनोन्महिने डॅशबोर्डवर पडलेली उघडी बाटली ओलावा शोषून बसलेली असते. दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलणं हा चांगला नेम आहे, आणि घाटातल्या गाडीने तो पावसाळा संपला की पाळावा. चुकून कोणी इंजिन ऑइल किंवा स्टिअरिंग ऑइल ओतलं असेल तर गाडी सुरूच करू नका. त्याने सगळे रबर फुगतात. डबीच्या झाकणातलं रबर फुगून जागेवर बसत नसेल तर हेच झालंय असं समजा, आणि कप, सील, होज सगळे बदलावे लागतील.

काम झाल्यावर पेडल जोरात मिनिटभर दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला प्रत्येक सांधा पाहायला सांगा. मग मोकळ्या मैदानात चालण्याच्या वेगाने, नंतर २० किलोमीटरच्या वेगाने ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढते का, हे पाहा. काही किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात न्या (टेकवू नका). एखादं फार तापलं असेल तर ते धरून राहतंय. हे सगळं जमलं की अर्धा माल भरून सपाट रस्त्यावर एक फेरी, ऑइलची पातळी पुन्हा एकदा, आणि त्यानंतरच घाट.